जाकड आणलेली गाडी

१४ फेब्रुवारी २०२३, मंगळवार

प्रेमनं, आमच्या मुलानं, पुण्याहून पाठवलेली डायरी दीड महिना कोरीच पडली होती. पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची जागा आहे, ती आज भरली: किसनराव, निवृत्त एसटी चालक, मुक्काम धाड, जिल्हा बुलडाणा. विनाअपघात सेवेचा बिल्ला आणि डिझेल बचतीची दोन प्रशस्तिपत्रं हेही लिहिणार होतो, पण जागा पुरली नाही. एकतीस वर्षं रोज नोंद लिहिली, किती किलोमीटर झाले, किती डिझेल लागलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी संध्याकाळी हात पेन शोधतो.

आज आमच्या हिचं, सोजराचं, डायलिसिस होतं. दिवाळीपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी बुलडाण्याला जावं लागतं. जाताना बरी असते. येताना मात्र चार तास मशीनला पडून तिच्यात उभं राहायचंही बळ उरत नाही. एसटीची पायरी तिला चढवत नाही, म्हणून आम्ही शकूरच्या काळीपिवळी जीपनं जातो.

या शकूरला मी नोकरीत असताना काय काय बोललो नाही. माझ्या बसपुढे जीप आडवी लावून माझे पॅसेंजर उचलून न्यायचा. एकदा तर मी खाली उतरून त्याची कॉलर धरली होती. आता तोच पुढची खिडकीची जागा आमच्यासाठी अडवून ठेवतो. कोणी कुरकुर केली तर म्हणतो, "ते जागा वहिनीची हाय. तुले लय घाई असन तं एसटीनं जाय." हे म्हणताना माझ्याकडे बघून हसतो. हसू दे. त्याचे उपकार आहेत.

घरी आलो तर पुढच्या खोलीत कापूस. बावीस क्विंटल, आढ्याला टेकलाय. दिवाळीत व्यापारी दारात उभे राहून नऊ हजार देत होते, मी दिला नाही. गेल्या साली दहाच्या वर गेला होता. आज आठ म्हणतात. सारं गाव थांबलंय, मीही थांबलोय.

सोजरा सारखी अंग खाजवते. डॉक्टर म्हणाले, किडनीच्या पेशंटला खाज सुटतेच. माझ्याही हातांना सुटते. वय झालं, दुसरं काय.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

येताना सोजराला जीपमध्ये उलटी झाली. मागे अकरा माणसं, एक कोंबड्यांची टोपली. तिनं पदर तोंडाला लावला तरी व्हायचं ते झालंच. लाजेनं रडायला लागली. शकूरनं गाडी बाजूला घेतली, कॅनमधलं पाणी ओतून स्वतः मॅट धुतली, कोणाला एक शब्द बोलू दिला नाही. वर म्हणाला, "वहिनी, या जीपमंदी म्या बकऱ्या नेल्या. तुमी काऊन लाजता?"

घरी येऊन मी प्रेमला फोन केला. तो म्हणाला, बाबा, जुनी का होईना, एक गाडी घ्या. घ्या म्हणणं सोपं आहे. त्याचं घरभाडं, लहान लेकरू, त्याच्याकडे मागायचं नाही हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलंय. माझ्याकडे फंडातले पावणेतीन लाख उरलेत आणि हा कापूस. पेट्रोल एकशे सात रुपये. महिन्याला बुलडाण्याच्या आठ-नऊ फेऱ्या. जास्त पिणारी गाडी परवडणार नाही, आणि धक्के देणारी सोजराला चालणार नाही.

शकूरला सहज बोललो तर तो म्हणाला, "माह्या बहिणीची हाय एक. बुलडाण्यात. हायब्रीड. पेट्रोल पित नाई भाऊ, नुसतं हुंगते."

हुंगते म्हणे. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हाही असंच सांगितलं होतं, अळी येणारच नाही, फवारा आता माळ्यावर टाकून द्या. मी टाकलाही होता. पाच-सहा वर्षांपूर्वी बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. तेव्हापासून कोणी म्हणालं की यात काही त्रासच नाही, की मी दोन पावलं मागे सरतो.

५ मार्च, रविवार

गाडी बघून आलो. शकूरची बहीण नूरजहां, पन्नाशीची असेल. तिचा नवरा इंजिनिअर होता, कोरोनात गेला. त्याला ती अजूनही 'महनूरचे अब्बा' म्हणते. महनूर म्हणजे त्यांची मुलगी, औरंगाबादला शिकते. गाडी दोन हजार पंधराची, पांढरी, दोन वर्षांपासून झाकून ठेवलेली. महिन्यातून एकदा शकूर सुरू करून गल्लीत फिरवून आणतो.

प्रेमनं फोनवर समजावलं होतं. हिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि मागच्या सीटखाली मोठी बॅटरी आहे. हळू चालताना बॅटरीवर चालते, जोर लागला की इंजिन जागं होतं. उतारावर आणि ब्रेक मारताना बॅटरी आपली आपण भरते. सगळा जीव त्या बॅटरीत. ती गेली तर नवीनला दीड-दोन लाख. "बाबा, बॅटरीचं नीट बघा, बाकी काही बघू नका," असं तो तीनदा म्हणाला.

क्लच नाही. गियरही नाही, नुसता एक दांडा. एकतीस वर्षं ज्या डाव्या पायानं क्लच दाबला तो पाय मी कुठे ठेवू, हेच कळेना.

नूरजहांताईंनी किंमत सांगितली, पावणेपाच लाख. घासाघीस करायचा त्यांचा स्वभाव दिसला नाही, आणि बाईमाणसाशी मलाही जमेना. मग मी आमच्या वडिलांची रीत सांगितली. ते बैल कधी बाजारात बघून घेत नसत. आठ-दहा दिवस जाकड आणायचे, म्हणजे औताला जुंपून बघायचं, पटला तर ठेवायचा, नाही तर धन्याच्या दावणीला परत बांधून यायचं. गाडी तशी द्याल का, म्हणून विचारलं.

त्यांनी किल्ली आणून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "एसटीची गाडी चालवणारे तुमी. तुमच्यापेक्षा जास्त मले काय समजते. न्या."

कागद नाही, अनामत नाही. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय.

१० मार्च, शुक्रवार

आज सोजराला या गाडीतून नेलं.

पहिली गोष्ट म्हणजे आवाजच नाही. किल्ली फिरवली, काही झालंच नाही. मी परत फिरवली, परत बंद केली. शेवटी शकूरनं सांगितलं, "भाऊ, चालूच हाय ते." गावातून निघालो तर पुढची म्हैस हलेना, तिला मागे काही आलंय हे समजलंच नव्हतं.

पण रस्त्याला लागल्यावर मात्र मानलं. सोजराच्या मांडीवर पाण्याची बाटली होती, तिच्यातलं पाणी हललं नाही. मी माझ्या पद्धतीनं चालवली. उतार आला की न्यूट्रल. थांबलो की न्यूट्रल आणि हँडब्रेक. उगाच इंधन जाळायचं नाही, गाडीला तिच्या वजनानं जाऊ द्यायचं. डेपोत पोरं विचारायची, किसनभाऊ, दहा लिटरला तुमचे एवढे किलोमीटर पडतात कसे? सांगायचो नाही कोणाला. साहेबांना तर मुळीच नाही.

सोजरा पुढे माझ्या शेजारी बसली. मग माझ्या लक्षात आलं की लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी एवढी गाडी चालवली, लाखो माणसं नेली, आणि ही माझ्या शेजारी पहिल्यांदा बसली. बसमध्ये बसायची ती मागे बायांत. तिला हे बोललो तर म्हणाली, "मंग आज तरी नीट समोर पाहून चालवा."

स्टिअरिंगच्या बाजूला एक चित्र दिसतं, चाक, इंजिन, बॅटरी, आणि त्यांच्यामध्ये बाण पळतात. बॅटरीला आठ पट्ट्या आहेत. सोजरा सगळा रस्ताभर ते चित्रच बघत होती. टीव्हीवरच्या मालिकेत एवढं लक्ष नसतं तिचं.

येताना उलटी झाली नाही. घरी येऊन स्वतः चहा केला. डायलिसिसच्या दिवशी तिनं चूल पेटवली असं दिवाळीनंतर पहिल्यांदा झालं. देवापुढे दिवा लावला तेव्हा मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात जोडले.

१२ मार्च, रविवार

बॅटरीची परीक्षा. राजूर घाट. बुलडाणा-मलकापूर ड्यूटी मी नऊ वर्षं केली, त्या घाटाचं वळण न् वळण मला पाठ आहे. प्रेम म्हणालाच होता, लांब उतारावर बॅटरी पूर्ण भरली पाहिजे. नाही भरली तर समजा गेली.

वरून निघालो तेव्हा पाच पट्ट्या होत्या. न्यूट्रल टाकली, ब्रेकवर पाय ठेवला आणि लोण्यातून सुरी जावी तशी गाडी खाली नेली. सोजरा म्हणाली, पोटातलं पाणी हललं नाही. खाली पोचून पट्ट्या बघितल्या तर तीन. भरायच्या सोडून दोन कमी झाल्या.

म्हणजे शेवटी तेच. बीटीसारखंच, पाकिटावर एक आणि शेतात दुसरं.

सोजरा मध्येच म्हणाली, "आवो, तुमी तो दांडा हालवला का बॅटरीकडचा बाण विझते. मंग काईच पळत नाई त्या चित्रात."

मी म्हटलं, उतारावर इंजिनाचं काम नसतं, म्हणून बाण विझतो. तिला यातलं काय कळणार, पण बिचारी मन रमवते आहे तर रमवू दे.

१४ मार्च, मंगळवार

आज तर पक्कंच झालं. सोजराला डायलिसिसनंतर लगेच उठवत नव्हतं, म्हणून गाडी दवाखान्याच्या दारात लावून, न्यूट्रल आणि हँडब्रेक, एसी चालू ठेवून तिला अर्धा तास आत निजवलं. बॅटरी एका पट्टीवर आली आणि गाडी टीं टीं करायला लागली. मी काय म्हणतो, चांगली बॅटरी अशी अर्ध्या तासात मान टाकेल का?

गाडी मात्र सोजराला मानवली आहे. हे खरं दुःख.

१५ मार्च, बुधवार

नूरजहांताईंकडे गेलो. खोटं बोललो नाही, जे पाहिलं ते सांगितलं. घाटात पाचच्या तीन झाल्या, उभ्या गाडीत एक राहिली, बॅटरी थकली आहे. नवीन टाकायची तर दीड लाखाच्या वर खर्च, तो कोणालाही करावा लागणार.

त्या बाहेर गल्लीत उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अकरमभाई बी हेच म्हनत होते." अकरम म्हणजे त्यांचे थोरले दीर, जालन्याला असतात. मी विचारलं, त्यांनी तपासली होती का? म्हणाल्या, "नाई. तपासली नाई. म्हनत होते." आणि उठून आत गेल्या.

बाहेर आल्या ते किंमत सांगतच. "चार लाख द्या."

मी एक शब्द न बोलता पाऊण लाख कमी झाले. चेहरा पार उतरला होता त्यांचा. पैशाचं नुकसान कोणाला झोंबत नाही. मलाही वाईट वाटलं, पण मनातल्या मनात हिशोब बसला. कापूस आता विकावा लागेल, पण चार लाख जमतात. पाच-सहा वर्षांनी बॅटरीचं बघू. तोवर सोजरा निवांत जाईल-येईल. अशा वेळी अशी बाई भेटली, हे आपलं नशीबच.

१९ मार्च, रविवार

कापूस दिला. सात हजार सहाशे. काटा लावून बावीस क्विंटल व्यापाऱ्याच्या गाडीत भरला. गल्लीतले दोघं-तिघं येऊन म्हणाले, किसनराव, चुकलात, मे महिन्यात दहा होणार बघा. झाला तर होवो. गठ्ठे उचलून देताना डावं मनगट मुरगळलं, आता सुजलंय. सोजरानं हळद-चुना लावून फडकं बांधलं.

पुढची खोली झाडून काढली. पाच महिन्यांनी तिथली फरशी दिसली. सोजरा दारात बसून बघत होती, म्हणाली, "घर केवढं मोठं झालं."

२१ मार्च, मंगळवार

हे लिहू का नको असं झालंय.

आज सोजराला घेऊन गेलो. मनगटाला फडकं, दांडा धरवत नव्हता. निघताना एकदा उजव्या हातानं 'डी'वर टाकला आणि तसाच राहू दिला. उतार आले, गेले, मी काही हलवलं नाही. सिग्नलला नुसता ब्रेक धरून राहिलो.

बुलडाण्याला पोचलो तेव्हा सोजरा म्हणाली, "आज सात पट्ट्या हायत."

मी म्हटलं, ऊन असेल. ऊन असेल, हे मी म्हटलं, निवृत्त चालक किसनराव. तिला मशीनला लावलं आणि मी एकटाच गाडी घेऊन राजूर घाटात गेलो. दांड्याला हात न लावता खाली उतरलो. आठच्या आठ पट्ट्या भरल्या. वर आलो, परत उतरलो, यावेळी मुद्दाम न्यूट्रल टाकून. बॅटरीकडचा बाण विझला. सोजरानं सांगितलं होतं तसाच विझला.

प्रेमला फोन लावला. तो हसायला लागला. "बाबा, न्यूट्रल टाकलं की ती बॅटरी भरणंच बंद करते. पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं." मला हसू आलं नाही.

बॅटरी ठणठणीत आहे. ज्या हातानं दोन प्रशस्तिपत्रं मिळवली त्याच हातानं मी तिला उपाशी ठेवत होतो.

येताना सोजरानं विचारलं, "आता?" मी म्हटलं, बघू.

२२ मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. बुलडाण्याला जाऊन नूरजहांताईंना पन्नास हजार विसार दिला. चार लाख ठरले, बाकीचे पैसे कागद होतील तेव्हा. बॅटरीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

विचार केला तो असा. फंडाचे आणि कापसाचे मिळून चार लाख बेचाळीस हजार होतात. त्यांना खरं सांगितलं तर परत पावणेपाच. ते माझ्याकडे नाहीत. म्हणजे गाडी गेली. म्हणजे परत जीप, परत कोंबड्यांची टोपली, परत सोजराचा पदर तोंडाला. मी तर जे दिसलं ते सांगितलं होतं, कोणाला फसवायला गेलो नव्हतो. जाकडात असंच असतं, ज्याला जे दिसेल ते त्याचं. वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी दोनदा सुरू केला आणि दोनदा सोडून दिला.

एक चांगलं झालं. सोजराची खाज गेली. माझीही गेली. मी म्हटलं, डॉक्टरांच्या गोळीचा गुण आला. सोजरा म्हणाली, "गोळी तं दिवाळीपासूनच घेऊन राह्यली मी. खोलीतून कापूस गेला तव्हा खाज गेली." पाच महिने मी त्या दहा हजारांच्या भावासाठी बाईला खाजवत ठेवलं. तरी ती एका शब्दानं बोलली नव्हती.

२४ मार्च, शुक्रवार

सकाळी गाडी पुसून दारात लावली. सोजरा चप्पल घालून बाहेर आली आणि सरळ स्टँडकडे चालायला लागली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "शकूरच्या जीपनं जाऊ. मले त्या गाडीत बसवत नाई."

मी म्हटलं, का, काही दुखतं का? म्हणाली, नाही. एसी सोसत नसेल. बंद ठेवतो म्हटलं, तरी नाही. शेवटी जीपनं गेलो. आता एसटीत बायांना अर्धं तिकीट झालंय, तर शकूर तिला चिडवत होता, "वहिनी, तुमी बी जासान आता एसटीत." येताना ती पूर्ण रस्ता डोळे मिटून होती. एका जागी गाडी थांबवावी लागली. शकूरनं विचारलं, भाऊ, बहिणीची गाडी असून तुमी जीपनं काऊन? मी म्हटलं, टायरमध्ये हवा कमी आहे.

२८ मार्च, मंगळवार

आजही तेच. दारात पांढरी गाडी उभी आणि आम्ही जीपनं. शकूरचा रोजा होता. तोंडात पाण्याचा थेंब नाही, तरी सोजराला उतरवायला माझ्याआधी तो पळत आला.

दवाखान्यात ती मशीनला पडली असताना मी तिच्याजवळ बसलो. सिस्टर दूर गेल्यावर मी म्हटलं, सोजरा, खरं सांग, एसीचं काय आहे? ती म्हणाली, "एसीचं काई नाई. तुमी त्या बाईले सांगून टाका."

मी म्हटलं, सांगितलं तर गाडी जाईल.

"जाईल तं जाईल. मले कितीक दिवस बसाचं हाय तिच्यात?"

हे ती अशी बोलली की भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं. डायलिसिसच्या माणसाला असं बोलू द्यायचं नसतं, पण मी नुसती तिच्या पायावरची चादर सारखी केली.

२ एप्रिल, रविवार

आज गेलो. सोजराला म्हटलं, तूही चल. म्हटलं, गाडी परत द्यायची असेल तर तिच्यातूनच जाऊ, येताना जीप आहेच. ती मागे बसली.

चार लाख बेचाळीसमधून विसाराचे पन्नास गेले, उरलेले सगळे सोबत घेतले. वाटेत वाक्यं जुळवत होतो. दारात गेल्यावर एकही आठवलं नाही.

नूरजहांताई दुपारची नमाज पढून उठल्या होत्या. बसा म्हणाल्या. मी उभ्यानंच सांगितलं, "ताई, बॅटरी चांगली आहे. पहिल्या दिवसापासून चांगलीच होती. मी उतारावर न्यूट्रल टाकत होतो, माझी जुनी खोड आहे. न्यूट्रलला ही गाडी बॅटरी भरत नाही. हे मला माहीत नव्हतं. आणि माहीत झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विसार देऊन गेलो, गप्प बसलो. विसार धरून माझ्याजवळ चार बेचाळीस आहेत. त्यात होत असेल तर बघा, नाही तर ही किल्ली."

किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"म्हंजे गाडीत काईच खोट नव्हती?"

"नाही."

"महनूरच्या अब्बांनी चांगली गाडी घेतली होती?"

"फार चांगली घेतली होती, ताई. मी एकतीस वर्षं गाड्या चालवल्या, अशी चालवली नाही."

त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही. सोजरा उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मला वाटलं, पाऊण लाखाचं ऐकून रडू आलं. मी आपला म्हणालो, पैशांचं तुम्ही म्हणाल तसं करू.

"पैशाचं नाई भाऊ," त्या म्हणाल्या. "तीनी भावांनी डिझेलच्या मोठ्या गाड्या घेतल्या, यांनी हे घेतली. अकरमभाई साऱ्या घरासमोर हसले, इंजिनिअर होऊन बॅटरीचं खेळनं घेऊन आला म्हने. चाळिसाव्याले लोक बसले होते, तव्हा बी बोलले. मेलेल्या मान्साले. मी काई बोलली नाई, पन मनात म्हनायची, हे समजूनच घेतली असन यांनी. दोन साल मनातल्या मनात भांडली मी. मंग तुमी आले. म्हटलं, एसटीचा मानूस हाय, हा कायले खोटं सांगन. त्या दिवशी मी हारली."

त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला तो मी पैशासाठी समजलो होतो. माझी लाज मी कुठे ठेवू.

मग त्यांनी फोन उचलला, नंबर लावला आणि तो माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "किंमत चार लाख ठरली, चार लाखच. पन एक काम करा. अकरमभाईले सांगा."

मी या माणसाला कधी बघितलंही नाही. तिकडून आवाज आला, जरा जडसर, वयस्कर. मी सांगितलं, नूरजहांताईंच्या गाडीबद्दल बोलतोय, बॅटरी एकदम नीट आहे, आठच्या आठ पट्ट्या भरते. ते म्हणाले, "अरे, पर वो एसटीवाले ने तो चेक करके बोला था, बॅटरी गई. तीस साल का ड्रायव्हर है, वो क्या झूठ बोलेगा?"

सोजरा माझ्याकडे बघत होती. नूरजहांताई माझ्याकडे बघत होत्या. एकतीस वर्षांत मी डेपो मॅनेजरपुढे कधी मान खाली घातली नाही. चूक दुसऱ्या कोणाची तरी असायची आणि बहुतेक वेळा खरंच असायची.

"मीच तो एसटीवाला," मी म्हणालो. "मला गाडी चालवता आली नाही. तुमच्या भावाला कळत होतं, मला कळत नव्हतं."

नूरजहांताईंनी फोन माझ्याकडून घेतला, म्हणाल्या, "सुन लिया, भाईजान?" आणि उत्तराची वाट न बघता ठेवून दिला.

स्वतः रोज्यात असून त्यांनी आमच्यासाठी चहा टाकला, सोजराला पाणी किती चालतं ते विचारून अर्धाच कप दिला. विसार धरून चार लाख वीस होतील एवढे मी मोजून ठेवले. त्यांनी वरचे वीस हजार तीनदा परत केले आणि चौथ्यांदा महनूरच्या नावानं ठेवून घेतले. निघताना त्यांनी गाडीच्या बोनेटवर हात ठेवला, एकदाच, आणि आत गेल्या. आम्ही असे कोण होतो की आमच्या वाट्याला ही बाई यावी, शकूर यावा, हे मला खरंच कळत नाही. हात जोडण्यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

गाडीजवळ आलो. मी मागचं दार उघडलं, येताना ती मागे बसली होती म्हणून. सोजरानं ते लावून टाकलं, पुढचं उघडलं आणि माझ्या शेजारी बसली.

मी विचारलं, आता बसवतं का या गाडीत?

"चला," ती म्हणाली. "अन् तो दांडा हालवू नका."